मदत हवी आहे: क्राउन प्रिपरेशनचे स्वमूल्यमापन स्कॅनरच्या साहाय्याने

नमस्कार. मी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक शिकवतो. प्लास्टिकच्या दातावर पूर्ण धातूच्या क्राउनसाठी (दातावर बसवायच्या टोपीसाठी) केलेले प्रिपरेशन, म्हणजे दात कापून दिलेला आकार, विद्यार्थ्याने स्वतः स्कॅन करावे, आदर्श प्रिपरेशनच्या स्कॅनशी ते जुळवावे आणि शिक्षकाकडे येण्यापूर्वी स्वतःच्या चुका स्वतः शोधाव्यात, असा माझा प्रयत्न आहे. कार्यकारी कस्पवर (चावताना समोरच्या दातावर टेकणाऱ्या उंचवट्यावर) १.५ मिमी आणि इतर कस्पवर १ मिमी घट झाली आहे का, भिंतींचा उतार प्रमाणाबाहेर गेला आहे का, अंडरकट (क्राउन बसू न देणारा आत वळलेला भाग) राहिला आहे का, हे डोळ्यांपेक्षा पडद्यावर स्पष्ट दिसते, याबद्दल शंका नाही.

अडचण जुळणीची आहे. सॉफ्टवेअरला संपूर्ण पृष्ठभाग जुळवायला सांगितले, तर ते चूक सगळीकडे थोडी थोडी वाटून टाकते आणि एका बाजूला जास्त कापलेला दातही रंगीत नकाशात (दोन स्कॅनमधला फरक रंगांनी दाखवणाऱ्या चित्रात) बराचसा हिरवा, म्हणजे निर्दोष दिसतो. म्हणून केवळ शेजारच्या न कापलेल्या दातांवर जुळणी करावी असे मला वाटते. परंतु ते प्लास्टिकचे दात मॉडेलमधून काढघाल करताना किंचित हलले, तर तीच चूक पुन्हा मोजमापात शिरते. आपण जुळणीसाठी कोणता भाग निवडता? विचलनाची मर्यादा किती ठेवता?

दुसरी चिंता अशी की विद्यार्थी रंगांकडेच पाहू लागतात (तेही स्वाभाविकच). स्कॅन पाहण्यापूर्वी त्यांच्याकडून स्वतःचे गुण लेखी घेतल्यास नजर तयार होते का, याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे.