कोल्ड प्रोसेस साबणात उटण्याचा सुगंध टिकवायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या अभ्यंगासाठी उटण्याच्या वासाचा साबण घरी, कोल्ड प्रोसेसने म्हणजे मिश्रण न शिजवता, करायचा आहे. साबण छान जमतो, पण वास टिकत नाही. इथे कुणी घरी साबण करत असेल तर कृपया सविस्तर सांगा.

सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे. उटणं कालवणं, अंगाला चोळणं आता त्यांना होत नाही. पण पहिल्या आंघोळीला वाळा-नागरमोथ्याचा वास आला नाही तर त्यांना दिवाळी आल्यासारखी वाटत नाही. विकतचा मोती साबण घरात येतोच, तरी त्यांना हवा असलेला वास उटण्याचाच. म्हणून हा खटाटोप.

माझी कृती ५०० ग्रॅम तेलांची आहे. खोबरेल १५०, राइस ब्रान (भाताच्या कोंड्याचं तेल) १५०, ऑलिव्ह पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्याचं तेल) १५०, एरंडेल ५०. कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम, म्हणजे सुपरफॅट (साबण न होता मागे राहणारं तेल) साधारण ५ टक्के. पाणी १९० ग्रॅम. सगळं काट्यावर तोलून घेते. तेलं आणि लाय (पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक) दोन्ही ४५ अंशांच्या आसपास आली की एकत्र करते, हँड ब्लेंडर फिरवते, ट्रेस आला, म्हणजे मिश्रण दाटसर झालं, की सुगंध घालते आणि सिलिकॉनच्या साच्यात ओतून साचा टॉवेलात गुंडाळून ठेवते.

आतापर्यंत काय काय झालं ते सांगते. संत्र्याच्या सालीचं तेल घातलं तेव्हा वड्या कापताना स्वयंपाकघर दरवळलं होतं. मुरून झाल्यावर नाकाशी धरली तरी नुसता साबणाचा वास. पाण्याऐवजी गुलाबपाणी वापरलं, त्याचा तर कॉस्टिक पडल्यापडल्याच मागमूस राहिला नाही. तयार उटणं दोन चमचे घातलं, रंग सुरेख विटकरी आला, वास शून्य. मग ऑनलाइन मागवलेलं मोगऱ्याचं फ्रॅग्रन्स ऑइल (कृत्रिम सुगंधाचं तेल) घातलं. ते घालताच मिश्रण भांड्यातच आवळलं, ब्लेंडरचा दांडा त्यात उभा राहिला. चमच्याने साच्यात दाबून बसवावं लागलं, गार झालेला शिरा थापतात तसं. ती बॅच ओबडधोबड झाली आहे, पण मोगऱ्याचा वास मात्र अजून आहे.

मला विचारायचं आहे ते असं: कोणते सुगंध कॉस्टिकपुढे टिकतात? उटण्याच्या जवळ जाणारा वास कशातून मिळेल? अत्तर घातलं तर चालेल का? आणि ती आवळलेली बॅच वाचवता येईल का? आम्ही चिपळूणजवळ राहतो, पावसाळ्यात हवा फार दमट असते. वड्या मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे गणपती आटोपले की लगेच करायला घ्यावं लागेल.

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, तुमची कृती चोख आहे, हिशोबही बरोबर आहे. खोट सुगंधाच्या निवडीत आहे, करणीत नाही.

संत्रं, लिंबू, मोसंबी यांच्या सालीची तेलं फार उडून जाणारी असतात. त्यांत बहुतेक भाग लिमोनीनचा असतो. साच्यात साबण तापतो आणि पुढे कित्येक आठवडे उघड्यावर मुरतो, तेवढ्यात ते निघून जातं. लिंबाच्या अंगाचा वास हवाच असेल तर गवती चहाचं तेल घ्या, ते बरंच टिकतं. पण थोडंच घाला, नाहीतर बाकी सगळ्यावर कुरघोडी करतं. काहींच्या त्वचेला त्याचा त्रासही होतो.

फुलांच्या बाबतीत एक गोष्ट मनाशी पक्की धरा. मोगऱ्याचं निव्वळ तेल सहसा वाफेवर काढत नाहीत, फूल तेवढा ताप सोसत नाही. ते द्रावकाने काढतात, त्याला ॲबसोल्यूट म्हणतात, आणि ते अतिशय महाग असतं. तेव्हा शे-दोनशे रुपयांच्या बाटलीवर ‘मोगरा एसेन्शियल ऑइल’ लिहिलं असलं तरी आत कृत्रिम सुगंधच असतो. कृत्रिम म्हणून तो वाईट असं मी म्हणत नाही. पण फुलांचे बरेच फ्रॅग्रन्स ऑइल साबण झपाट्याने घट्ट करतात. घ्यायचंच झालं तर कोल्ड प्रोसेससाठी तपासलेलं आहे का, साबणात जास्तीत जास्त किती टक्के चालतं, हे विक्रेत्याला विचारून मगच घ्या. अगरबत्तीसाठी विकतात ते साबणात घालू नका.

प्रतिसाद २ (नाशिक)

अगं, तुला जे हवं आहे तेच साबणात सगळ्यात चांगलं टिकतं! उटण्याचा वास फुलांचा नाहीच मुळी. तो मुळांचा आणि कंदांचा आहे: वाळा, नागरमोथा, कपूर काचरी. ही तेलं जड असतात, सावकाश उडतात, कॉस्टिकला बधत नाहीत. मी वर्षानुवर्षं साबण करते आहे. माझ्या कपाटातल्या जुन्या वडीला अजून वाळ्याचा वास आहे.

वाळ्याची, नागरमोथ्याची पूड घालून मात्र वास येणार नाही. पुडीतलं तेल अगदी थोडं, त्यातून साबणात आपण पूड चमचाभरच घालतो. वासासाठी तेलच घे, पूड रंगापुरती. आणि आंबेहळद असली की विटकरी रंग येणारच. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तेच इथे कॉस्टिकमुळे होतं.

आता गुलाब. उटण्यात गुलाबपाकळी असते, त्या वासासाठी गुलाबाच्या तेलामागे लागू नकोस. रोशा गवताचं तेल घे. बाजारात ते पामरोझा नावाने मिळतं, गावाकडे या गवताला तिखाडी म्हणतात. आपल्या खानदेशात हे गवत माळावर आपोआप उगवायचं आणि त्याचं तेल गाळून परदेशी जायचं. त्यात जिरॅनिऑल भरपूर असतं, गुलाबातही तेच असतं, म्हणून वास गुलाबाकडे झुकतो. साबणात ते टिकतं आणि मिश्रण आवळत नाही. आपल्याच मातीतलं इतकं गुणी तेल असताना लोक बाहेरच्या महागड्या बाटल्या मागवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुझ्या ५०० ग्रॅम तेलांना ३ टक्क्यांनी १५ ग्रॅम सुगंध पुरे. माझं प्रमाण असं: पामरोझा ६ ग्रॅम, नागरमोथा ४, पाचौली (एका सुगंधी पाल्याचं तेल) ३, वाळा २. वाळ्याचं तेल महाग असतं म्हणून कमी ठेवलं आहे, हात सैल असेल तर वाळा ४ आणि नागरमोथा २ कर. थेंब मोजू नकोस, अर्धा ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घे. जड तेलाचा थेंब आणि हलक्या तेलाचा थेंब सारखा नसतो. चारही तेलं आदल्या दिवशी काचेच्या बाटलीत एकत्र करून ठेव.

लवंग आणि दालचिनीचं तेल टाळ. लवंगेतलं युजेनॉल साबण झटकन घट्ट करतं, शिवाय त्वचेला झोंबतं. तयार उटण्याची पूड घालणार असशील तर त्यात बावची नाही ना, हे पाकिटावर बघ. बावचीने त्वचा उन्हाला हळवी होते.

प्रतिसाद ३ (ठाणे)

वरच्या प्रमाणाला अनुमोदन. दोन गोष्टी जोडतो.

टॉवेल काढून टाका. मिश्रण साच्यात स्वतःच तापतं, त्यात गुंडाळलं की आणखी तापतं आणि हलके वास उडतात. तेलं आणि लाय ३५ ते ३८ अंशांपर्यंत उतरू द्या. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, तेवढं सांभाळा. सुगंध घालताना ब्लेंडर बंद ठेवा आणि हाताने ढवळा. ट्रेस अगदी पातळ असतानाच घाला, म्हणजे एखादं तेल घाईवर आलं, म्हणजे मिश्रण झटकन घट्ट करू लागलं, तरी ओतायला अवधी मिळतो.

आणि पाणी. मोगऱ्यासारख्या घाई करणाऱ्या सुगंधाला जास्त पाणी बरं, पण वाळा-नागरमोथा तशी घाई करत नाहीत. कोकणातल्या दमट हवेत १९० ग्रॅम पाणी सुकायला फार वेळ घेईल. १४० ते १५० वर आणा. वड्या लवकर कडक होतील आणि वर पांढरी भुकटीही कमी धरेल.

घरात लहान मुलं असतील तर कॉस्टिकचा डबा कुलपात ठेवा. चष्मा, हातमोजे, आणि कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. भांडं स्टीलचं, अल्युमिनियमचं बिलकुल नको, त्यातून हायड्रोजन सुटतो. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली धरा आणि बराच वेळ धरून ठेवा. तुम्हाला हे माहीत असणारच, पण धागा वाचून कुणी नवखं करायला घेईल म्हणून लिहिलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उटण्याचा वास मुळांचा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, माठात वाळ्याची जुडी टाकतात ती दिवसेंदिवस वास देते, मोगऱ्याचं फूल टाकलं तर संध्याकाळी पाण्याला कुबट वास. त्यांना ते आधीपासून माहीत होतं!

कॉस्टिक वरच्या फळीवर कुलपातच असतो. अत्तराचं आणि आवळलेल्या बॅचचं कुणी सांगाल का? त्यांच्या माहेरचं कुणीतरी कनौजहून आणलेलं हिना अत्तर घरात आहे. दोन थेंब घालावे असं त्यांच्या मनात आहे.

प्रतिसाद ४ (कोल्हापूर)

अत्तर साबणात नको. कनौजला खरं अत्तर डेग-भपक्यावर (वाफ काढायच्या तांब्याच्या भांड्यांत) काढतात, वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. तसं अस्सल असेल तर दोन थेंबांचा साबणात पत्ताही लागणार नाही, आणि वास यावा इतकं घालायचं तर सोन्यासारखी वस्तू वाया जाईल. ते स्वस्तातलं असेल तर बहुतेक पॅराफिन किंवा दुसऱ्या द्रावकात कालवलेलं असतं, पॅराफिनचा साबण बनतच नाही. स्प्रेच्या सेंटमध्ये अल्कोहोल असतं, त्याने मिश्रण पुन्हा आवळेल. अत्तर आजींच्या मनगटावर लावा, अभ्यंगानंतर. त्याची जागा तीच.

आवळलेली बॅच फेकू नका. आधी एका वडीचा ओला कोपरा बोटाला लावून बोट जिभेच्या टोकाला टेकवा. बॅटरीसारखा झटका बसला तर कॉस्टिक कुठेतरी मोकळा आहे, आणि आवळलेल्या साबणात असे कप्पे राहू शकतात. मग सगळ्या वड्या किसा, किलोभर किसाला साधारण १०० ग्रॅम पाणी, आणि दुहेरी भांड्यात मंद आचेवर झाकून शिजवा. मऊ आणि एकसारखं झालं की साच्यात दाबा. दिसायला गावठी दिसेल, अंगाला उत्तम. त्यानंतर पुन्हा जिभेची परीक्षा. तरीही झटका बसला तर ती बॅच आंघोळीला वापरू नका.

मोगरा हवाच असेल तर पुढच्या वेळी हॉट प्रोसेस करा. साबण शिजून कॉस्टिक संपला की आच बंद करून, थोडं निवल्यावर सुगंध घालायचा. तोवर सुगंधाशी भांडायला कॉस्टिक उरलेला नसतो, म्हणून सुगंध कमीही लागतो.

प्रतिसाद २ (नाशिक)

आणखी एक राहिलं. मुरत ठेवलेल्या वड्या एकमेकींना टेकवू नकोस, लाकडी फळीवर किंवा जाळीवर हवेशीर ठेव, रोज उलटायची गरज नाही. तुमच्याकडे पाऊस लांबला तर वड्यांवर घाम दिसेल. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, त्यात बिघडलेलं काही नाही. कोरड्या फडक्याने टिपून घे. वड्यांवर नारिंगी डाग आले तर मात्र तेल खवट झालं आहे, म्हणून राइस ब्रान ताज्या पाकिटातलंच वापर.

सहा आठवडे झाले की वड्या कागदात गुंडाळून घट्ट डब्यात ठेव, म्हणजे उरलेला वास आत राहतो. आणि कोरडी वडी हुंगून निराश होऊ नकोस. वरच्या थरातला वास उडालेला असतो. कोमट पाण्यात हात भिजवून वडी चोळ, फेसाबरोबर आतला वास वर येतो.

सासूबाईंची त्वचा कोरडी असेल तर आधी तिळाचं तेल जिरवून मग साबण लावा. घरचा असला तरी साबण तो साबणच, उटण्याइतका सौम्य नाही.

धागाकर्ती

पामरोझा, नागरमोथा, पाचौली आज मागवलं. वाळ्याच्या तेलाची छोटी बाटली सासूबाईंनी त्यांच्या पैशांतून घ्यायला लावली, आणि प्रमाण ४ ग्रॅमचंच धरायचं असं बजावलं आहे. मोगऱ्याच्या वड्या जिभेला झोंबल्या नाहीत, तरी उद्या किसून शिजवते. एक विचारायचं राहिलं, ओळखीच्या दोघींना वड्या हव्या आहेत. पैसे घेऊन दिल्या तर चालेल का?

प्रतिसाद ३ (ठाणे)

भेट म्हणून खुशाल द्या. विकायच्या असतील तर आपल्याकडे साबण हे सौंदर्यप्रसाधनात मोडतं, त्याला राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) उत्पादन परवाना लागतो. २०२० चे कॉस्मेटिक्स नियम आहेत, ते आधी वाचून घ्या. घरच्या छंदासाठी त्याची गरज नाही.

वाळ्याचं तेल मधापेक्षाही दाट निघालं तर बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग तोला. नाहीतर महागाचे दोन ग्रॅम बाटलीलाच चिकटून राहतात.