छत्र्या आणि पवनचक्की

रंग नसल्यामुळे जुने हेरगिरीचे चित्रपट आज फिके वाटतात, हे मला अजिबात पटत नाही. दिग्दर्शक हिचकॉकचा १९४० चा ‘फॉरिन करस्पॉन्डंट’ बघा. भर पावसात पायऱ्यांवर गोळी झाडून मारेकरी गर्दीत घुसतो. वरून दिसतात फक्त काळ्या छत्र्या, आणि त्या हलतात त्यावरून तो कुठून पळतोय ते कळतं. रंगीत छत्र्यांनी सगळी मजा घालवली असती! पुढे हॉलंडमधली एक पवनचक्की वाऱ्याच्या उलट फिरते आणि तिथेच नायकाला संशय येतो. आम्ही सातारकर, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या कायम बघण्यातल्या, त्यामुळे हा प्रसंग आमच्या घरात सगळ्यांनाच भिडला. आवडला तर १९४६ चा ‘नटोरियस’ही बघा, नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीसाठी.