भरकटणं सगळ्यांचं सारखं नसतं
मन भरकटतं म्हणजे एकाग्रता कमी, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही.

हर्णैला आमच्या अंगणात बाबा आणि काका फाटलेली जाळी सांधायला बसतात. हात दोघांचे सारखेच चालतात. मध्येच काका विचारतात, "दादा, नारळी पुनवेनंतर होडी कधी काढायची?" म्हणजे मन कधीच पुढच्या हंगामात पोचलेलं. बाबांना विचारावं तर, "कुठं काय, ही गाठच बघत होतो."

हा फरक मेंदूतही दिसतो. काही काम नसताना मेंदूचे काही भाग जास्त सक्रिय असतात. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याला 'डिफॉल्ट मोड' म्हटलं. २००७ मध्ये मालिया मेसन यांच्या गटाने सराव झालेलं काम करणाऱ्यांचे मेंदू एफएमआरआयवर (मेंदूचा कुठला भाग सक्रिय आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनवर) पाहिले. आपलं मन फार भटकतं असं सांगणाऱ्यांत हेच भाग अधिक सक्रिय होते. कलिना ख्रिस्टॉफ यांच्या २००९ च्या अभ्यासात तर भरकटताना नियोजन, नियंत्रण सांभाळणारे भागही जागे सापडले. (हे वाचून मला काकाच आठवले.)

म्हणून वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराला लगेच ओरडू नका. आधी विचारा, कुठे गेला होतास?