मदत हवी आहे: विश्वास रविवारपुरता राहतोय, नजरेत उतरत नाहीये

मंडळी, बायबलमधल्या रोमकरांस पत्र 12:2 मध्ये मनाच्या नवीकरणाने रूपांतर होण्याबद्दल आहे ना, माझं घोडं तिथेच अडलंय. खोटं बोलू नये, क्षमा करावी हे ठीक चाललंय, पण पैसा, बातम्या, माणसांची लायकी याकडे बघताना डोकं बाकी सगळ्यांसारखंच चालतं. मत्तय 20 मधला येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला वाचला, शेवटचा एक तास काम केलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी, वाचताना भारी वाटलं आणि दुसऱ्याच दिवशी टीमला रेटिंग देताना एक जण उशिरा जॉईन झाला म्हणून मी मनातल्या मनात त्याला आधीच खाली टाकलं होतं (रेटिंगचे नियम कंपनीचे, ते मी बदलू शकत नाही, प्रश्न माझ्या नजरेचा आहे).

सकाळचं वाचन वर्षभर केलं. इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताची रात्री दिवसाकडे मागे वळून बघायची पद्धतही दोन महिने केली, त्यात चुका दिसतात पण सगळं घडून गेल्यावर.

अजून प्रार्थना कर हे सांगू नका प्लीज, ती चालूच आहे. वेळ रोज 20 मिनिटं. निर्णय घेतानाच, म्हणजे त्या क्षणीच नजर बदलावी यासाठी तुम्ही नेमकं काय करता?