मदत हवी आहे: वाडीत गरोदर बायकांच्या एचआयव्ही तपासणीबद्दल कसं बोलावं?

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात आशा सेविका आहे. खाडीकाठची वाडी, निम्मे बाप्ये बोटीवर, निम्मे मुंबईला. गणपतीला महिना राहिला. चाकरमानी येतील, त्यांच्यासोबत बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या पोरीही येतील. तेव्हाच बैठक घ्यावी म्हणते, पण सुरुवात कुठून करू?

मागे एक पहिलटकरीण आठव्या महिन्यात आली. कार्ड उघडलं तर हिमोग्लोबिन, रक्तगट सगळं भरलेलं, एचआयव्हीचा रकाना तेवढा कोरा. उपकेंद्रात सिस्टर म्हणाल्या, बोटाला टोचून आत्ता बघू. तिची आई पिशवी उचलून उभीच राहिली. "आमची पोर तसली नाय हां!" पोरगी ओढणीचं टोक पिळत बसलेली. तिसऱ्या दिवशी मावशीकडे जाते सांगून ती एकटीच आली. निकाल काय आला ते सांगणार नाही, ते माझं सांगायचं नाही.

एकदा बाहेरचे वक्ते आले होते, भिंतीवर कवटीचं पोस्टर लावून. बायका चहाच्या आधी उठल्या. म्हणून तसलं काही नको.

माहिती मला आहे. आईला एचआयव्ही असून उपचार नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते, गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर पाचाच्याही खाली. आईला गोळ्या जन्मभर, बाळाला जन्मल्याबरोबर सिरप, सहाव्या आठवड्यात टाचेच्या रक्ताची तपासणी, नि अठरा महिन्यांनी पक्का निकाल. सरकारीत सगळं फुकट. हे एकटीला समजावता येतं. अडतं सासूपाशी.

आणि बाळगुटी! सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं, वरचं मिसळलं तर अशा आईच्या बाळाला धोका वाढतो. पण आमच्याकडे बाराव्या दिवसाच्या आत मध चाटवतात, गुटी उगाळतात. एकटीच सून नको म्हणाली तर शेजारची विचारणारच, का गं? ती काय सांगणार?

नवऱ्यांना कसं बसवायचं तेही सांगा. 'बायकांचं काम' म्हणून ते ओट्यावरून उठतात.

उत्तर, सिंधुदुर्गातून: ताई, मी समुपदेशक आहे. एचआयव्हीपासून सुरुवातच करू नका. हिमोग्लोबिन, साखर, कावीळ, गरमी (सिफिलिस) यांच्या रांगेत ते नाव घ्या. "हिची करू या" म्हटलं की संशय येतो, "पोटुशी बाई आली की सगळ्या तपासण्या" म्हटलं की येत नाही. तरी संमती विचारायचीच. बोटावरची तपासणी पॉझिटिव्ह दिसली तरी तो शेवटचा निकाल नव्हे, आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, पुन्हा खात्री होते, हे आधीच सांगून ठेवा. आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने परवानगीशिवाय कुणाचा निकाल फोडता येत नाही, हे सासवांसमोर मुद्दाम बोला. सुनांना ऐकू जातं.

गुटीचंही तसंच. सहा महिने काही नको, हे अख्ख्या वाडीला सांगा, कारण जुलाबाचं द्या. तेही खरंच आहे. मग कुणी एकटी उठून दिसणार नाही.

उत्तर, हर्णैकडून: बाप्यांना सभेला बोलावू नका, जाळी शिवत बसतात तिथे जा. हात गुंतलेले असतात, उठून जाता येत नाही. नि "बायकोची झाली, तुझी कधी?" असं विचारा. बाईचा निकाल चांगला आला नि नवऱ्याची तपासणीच नसेल, तर गरोदरपणातच पुढे लागण होऊ शकते. हे आमच्याकडे एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, पटलं, मग खलाशी आले.

मी: जुलाबाचं सुचलंच नव्हतं. गुटीपासूनच सुरू करते, त्यावर सासवा भांडायला तरी बसतील. हर्णैच्या दादा, तांडेलाशी पहिलं वाक्य काय बोललात? आमचा जरा तापट आहे. कुणाला १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करून मराठीत बोलता आलं असेल तर तेही कळवा, बैठकीत नंबर देणार आहे.