शब्दचर्चा : 'कर्णवेध', 'कान टोचणे' आणि बायबलातली 'आरी'

दारव्ह्याहून प्रश्न : लेकीचे कान टोचायचे आहेत. आम्ही ख्रिस्ती. शेजारच्या घरच्या पत्रिकेवर 'कर्णवेध' छापलं होतं, तोच शब्द मी नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर टाकला. लगेच सासऱ्यांचा फोन, "सूनबाई, हा शब्द आपला नव्हे." सासूबाईंचं तर म्हणणं, टोचूच नको, बायबलात गुलामाचे कान टोचतात. शब्द कोणता वापरू?

पुसदहून : सासरे बरोबर आहेत. सोळा संस्कारांच्या काही याद्यांत कर्णवेध येतो, म्हणजे त्या शब्दामागे मुहूर्त, मंत्र, सगळं आलं. 'टोचणे' मात्र कोणत्याच धर्माचं नाही. काटा टोचतो, सुई टोचते, कोंबडी चोचीनं टोचते, जाऊबाई टोचून बोलतात. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण तर सगळ्यांचीच. तुम्ही साधं 'कान टोचणे' लिहा. मामाच्या मांडीवर बसवलं, तोंडात गूळ दिला, तर त्यात पाळकसाहेबांनाही वावगं वाटू नये.

यवतमाळहून, निवृत्त शिक्षक : सासूबाईंचा मुद्दा बायबलातल्या 'निर्गम' (21:6) आणि 'अनुवाद' (15:17) या पुस्तकांतला. पण नीट वाचा. इब्री (हिब्रू) दास सहा वर्षं राबला की सातव्या वर्षी मोकळा. तोच म्हणाला, 'धन्यावर, बायकोपोरांवर माझा जीव आहे, मी जात नाही', तर त्याला दाराशी नेऊन त्याचा कान आरीने टोचायचा. शिक्षा नव्हे ती, त्याची स्वतःची इच्छा.

आता ही 'आरी'. आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळं पोरं आरी म्हणजे करवत समजतात. संडे स्कूलमध्ये हा उतारा घेतला की एखादं लेकरू हमखास कान झाकून बसायचं! ही चांभाराची आरी, चामड्याला भोक पाडायची. तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाची 'आर' याच गोतातली, बैलाला विचारा.

अचलपूरहून : उत्पत्ती 24 मध्ये अब्राहामाचा सेवक रिबकेला विहिरीवर सोन्याचं वळं देतो, वजन अर्धा शेकेल. आपल्या हिशेबानं साधारण अर्धा तोळा. मूळ इब्री शब्द 'नेझेम'. तो नाकातल्यालाही चालतो, कानातल्यालाही. पुढं 47 व्या वचनात नाक स्पष्ट सांगितलं, म्हणून तिथं नथ. निर्गम 32 मध्ये सोन्याच्या वासरासाठी अहरोन तेच कानांतून काढून मागतो. भोकाबद्दल तिथं कुणाची तक्रार नाही, तक्रार वासराबद्दल.

पुसदहून : मग नाही म्हणणारे कुठून आले?

यवतमाळहून : आमच्या जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचं मिशन जुनं. मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली, त्याच्या 1743 च्या नियमांत सोनं आणि भारी कपडे वर्ज्य. अडचण सोन्याची, छिद्राची नव्हे. आधाराला 1 पेत्र 3:3 देतात. पण त्याच वचनात केस गुंफणंही आहे, आणि वेणी घालू नको असं मी तरी कुठल्या सासूकडून ऐकलं नाही. कॅथलिक घरांत तर हा वादच नाही. लेवीय 19:28 कुणी पुढं केलं, तर तिथं मेलेल्यासाठी अंगावर वार करणं आणि गोंदणं आहे. कान टोचण्याचा त्यात शब्द नाही. आजीच्या हातावरच्या गोंदणाचा वाद वेगळा, तो इथं नको.

अचलपूरहून : गोंदणाचा धागा वेगळा काढाच बाप्पा.

दारव्ह्याहून : आभार. निरोप बदलला : 'रविवारी उपासनेनंतर लेकीचे कान टोचणार, जेवायला या.' सासूबाई वाचून म्हणाल्या, "टोचा मग, पण चांदीची तार घाला." आता नवऱ्याचं म्हणणं, सोनार नको, दवाखान्यात गननं एका फटक्यात होतं. त्याला 'टोचणे'च म्हणायचं की आणखी काही?

पुसदहून : त्याला आमच्याकडे 'ठोकणे' म्हणतात.