पेज हे पथ्य आहे, जेवण नव्हे

अंत्रुजकर

पिल्लाचं पोट बिघडलं की आपल्याकडे गोव्यात घराघरातून एकच सल्ला येतो: "पेज घाल रे त्याला, थोडं चिकन उकडून." दोन-तीन दिवसांपुरता तो बरोबरच आहे. माझं भांडण चौथ्या दिवसाशी आहे.

सध्या घरात साधारण अकरा आठवड्यांचं गावठी पिल्लू आहे, वजन 4 किलो. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलमागून फाटकापर्यंत आलं आणि अंगाचा गोळा करून झोपलं, म्हणून नाव उंडो, गोल पावावरून. दहा दिवस पातळ शी चालू होती. आम्ही काय दिवे लावले तेही सांगतो. सोमवारी दूध-पाव. मंगळवारी शेजारणीने दिलेलं 'पेडिग्री' (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचे दाणे म्हणजे पेडिग्रीच). बुधवारी पेज, शुक्रवारी दहीभात, शनिवारी भाचीने आणलेलं महागडं पाकीट. सहा दिवसांत पाच जेवणं. माणसाचंही पोट बिघडलं असतं.

पण पेजेवर माझा राग जुना आहे. पाच वर्षांपूर्वी असंच एक पिल्लू होतं. दाणे दिले की शी पातळ, पेज-चिकन दिलं की घट्ट. मग काय, पेजच. तीन महिने. अंगाने गुटगुटीत, केस तुकतुकीत, फक्त पुढचे पाय हळूहळू बाहेर वाकत गेले. आम्हाला वाटलं, जातच तशी असेल. एक दिवस बलकांवच्या सोप्यावरून (दारापुढच्या व्हरांड्यातल्या बाकावरून) उडी मारली, उंची दीड हात, आणि पाय मोडला. एक्स-रेमध्ये हाडं इतकी पुसट की मला आधी फोटोच बिघडलाय असं वाटलं. डॉक्टरांनी एकच विचारलं: "खायला काय घालता?"

तेव्हा शिकलेला हिशेब असा. चार किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. आपली पातळ पेज 100 ग्रॅमला 50 कॅलरीही धड देत नाही. म्हणजे नुसत्या पेजेवर भागवायचं तर सव्वा किलो पेज, पिल्लाच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. बरं, पेज सोडा, 200 ग्रॅम भात आणि 200 ग्रॅम उकडलेलं चिकन धरा. कॅलरी भरल्या. कॅल्शियम? त्याला हवं सुमारे 1800 मिलिग्रॅम, या ताटात आहे जेमतेम 50. मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम नावाला. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतून काढतं.

म्हणून माझं मत: आधी शी तपासून घ्या. मग पिल्लांसाठीचं, 'कम्प्लीट' आणि 'पपी' किंवा 'ग्रोथ' लिहिलेलं एकच अन्न निवडा, सात ते दहा दिवसांत हळूहळू त्यावर आणा आणि मग महिनाभर हात लावू नका. कोणाला पटत नसेल तर बोला.

सत्तरीचा म्हातारा

मला पटत नाही.

वाळपईकडे आमच्या अंगणात मी लहान असल्यापासून कुत्रे आहेत. उकड्या तांदळाची पेज, वर माशाचं काय असेल ते. एक चौदा वर्षं जगला, दात शेवटपर्यंत शाबूत. त्याने पाकीट कधी हुंगलंसुद्धा नाही. ते तपकिरी दाणे कशाचे, कुठे दळलेले, त्यात कुठल्या कारखान्याचं काय पडलंय, तुला ठाऊक आहे? मला माझ्या पेजेत काय आहे ते ठाऊक आहे.

तुझं पिल्लू पेजेने नाही मोडलं. तू त्याला साहेबाचं चिकन दिलंस, हाड काढून, सोलून. आमचे कुत्रे तारले (सार्डिन मासे) खायचे, डोक्यासकट, काट्यासकट. कॅल्शियम तिथे असतं, बाबा.

बार्देशी

दोघेही चुकताय असं मला वाटतं. खरा दोषी चिकन आणि धान्य. माझ्या लॅब्रॅडॉरला दोन्ही सोसत नव्हती. ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं, सालमन माशाचं पाकीट सुरू केलं, चार दिवसांत फरक. अंत्रुजकर, सरळ ग्रेन-फ्री घ्या, महाग आहे पण सुटाल.

परळची विद्यार्थिनी

मी मूळची मडगावची, मुंबईत पशुवैद्यकीय शिकतेय. पदवी अजून हातात नाही, तेव्हा उंडोच्या डॉक्टरांवर जास्त विश्वास ठेवा.

बार्देशी, ॲलर्जी असेल तर ती बहुतेक वेळा प्रथिनाची निघते. कुत्र्यांत बीफ, दूध आणि चिकन ही नावं वर असतात, तांदूळ बराच खाली. कुत्रा लांडग्यापासून वेगळा होताना त्याच्याकडे पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढत गेल्या, भात त्याला परका नाही. शिवाय ॲलर्जी ठरवायची तर नवं प्रथिन देऊन साधारण आठ आठवडे दुसरं काहीही तोंडात जाऊ न देता बघावं लागतं. चार दिवसांत फरक पडतो तेव्हा बहुधा दुसरंच काही बदललेलं असतं. आणि वाटाणे-मसुरांनी भरलेल्या ग्रेन-फ्री अन्नाचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) 2018 मध्ये जाहीर केली होती. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, पण वाढत्या पिल्लाला कारण नसताना ते का द्यायचं?

अंत्रुजकर, तुमच्याही एका वाक्याला टोचते. "दाणे दिले की पातळ, पेज दिली की घट्ट" यावरून तुम्ही तेव्हा पेज धरलीत. पेजेत चरबी कमी, चोथा कमी, पचायला हलकी, म्हणून आत जंत असले तरी शी काही काळ घट्ट दिसू शकते. दाण्यांवर पातळ व्हायचं कारण कदाचित एवढंच की एका दिवसात बदललंत आणि वाटी भरभरून घातलीत. घट्ट शी म्हणजे निरोगी पिल्लू असं नाही.

पावसाळ्यात गावठी पिल्लाच्या बाबतीत मी आधी हे धरीन: गोलकृमी आणि अंकुशकृमी हे जंत, जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी. गोलकृमी आईच्या पोटातच येतात, अंकुशकृमी तिच्या दुधातून, आणि ओल्या मातीतून तर कातडीवाटेसुद्धा. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं, ते रस्त्यावरच्या पिल्लाला कोण देणार? आणि जिआर्डिया एका नमुन्यात सापडला नाही म्हणजे नाही असं धरू नका. तो रोज बाहेर पडतोच असं नाही, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत.

हे मात्र सगळ्यांसाठी: उलट्या, शीतून रक्त, पाणीही न पिणं, पिल्लू मलूल, यातलं काहीही दिसलं तर अन्नाची चर्चा बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. पार्वो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) वाट बघत नाही. 'एक दिवस उपाशी ठेव' हा मोठ्या कुत्र्याचा सल्लाही पिल्लाला लावू नका, आणि घरातल्या माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या तर नकोच.

डिचोलीची सून

मी पुण्याहून इथे आले तेव्हाचा किस्सा. पिल्लाचं पोट बिघडलं, सासूबाई म्हणाल्या, "दुदी उकडून घाल चमचाभर." मी बाजारातून हिरवागार दुधी आणला, उकडला, घातला. सासूबाई आठवडाभर हसत होत्या. कोंकणीतला दुदी म्हणजे तांबडा भोपळा! त्याने खरंच थोडी घट्ट होते, पण चमचाभरच.

मला वेगळंच सांगायचंय. पाकीट कुठलं यापेक्षा ते ठेवता कसं हे इथे बघा. जुलैत आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, तिथे दाण्यांचं काय घेऊन बसलात? मागच्या पावसाळ्यात एका दुकानातून सुटे दाणे घेतले, उघड्या पोत्यातले, स्वस्त पडतात म्हणून. वास जरा कुबट होता, मी म्हटलं तसाच असेल. दोन दिवसांत पिल्लू ओकायला लागलं. बुरशीचं विष यकृतावर जातं, डोळ्यांना दिसायलाच हवं असं नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हापासून लहान पिशवी घेते, महिन्याभरात संपेल एवढी. दाणे मूळ पिशवीतच ठेवते, तोंड घट्ट गुंडाळून, आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात. पिशवीवरची तारीखही हाताशी राहते.

पर्वरीची

इथे 'घरचं' म्हटलं की सगळ्यांना भात आणि चिकनच का दिसतं?

मी दोन वर्षं घरी शिजवते आहे. पशुआहाराच्या तज्ज्ञाकडून पाककृती करून घेतली, वजनकाट्यावर मोजते: मांस, कलेजी, भात, भाजी, तेल, वर जीवनसत्त्वं-खनिजांची पूड. आमच्या कुत्रीला पिल्लूपणी तीन कंपन्यांचे दाणे सोसले नाहीत, शी तपासली, साफ होती, तरी सोसले नाहीत. अशी पिल्लंही असतात. तुमचा 1800 मिलिग्रॅमचा बागुलबुवा एका अंड्याच्या कवचाने सुटतो, त्यात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम असतं.

परळची विद्यार्थिनी

कॅल्शियमपुरता सुटतो, जस्त, तांबं, ड जीवनसत्त्व राहतंच. तुम्ही पूड घालता म्हणून तुमचं जमतं. कवचाचं वाक्य वाचून कोणी दाण्यांवरच कवच भुरभुरवेल, मोठ्या जातीच्या पिल्लाला ते बाधतं. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, आलं तेवढं बरंच आत घेतं. दुकानदार दाण्यांबरोबर कॅल्शियमची बाटली देतात, तीही याच कारणाने नको.

अंत्रुजकर

पर्वरीची, तुमचं घरचं हे खरं जेवण, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काट्यावर मोजणारं घर विरळा. बाकीचे "आज कलेजी नाही मिळाली" म्हणून सोडून देतात. मीही देईन, स्वतःला ओळखतो.

म्हाताऱ्याबाब, तारल्यांचा मुद्दा मी रात्री अंथरुणात घोळवला. काट्यासकट तारला म्हणजे कॅल्शियम, हे कबूल. पण तुमचा कुत्रा दिवसभर सुटा होता. उंदीर, कोंबडीचे पाय, शेजाऱ्याच्या परसातलं काय काय खाऊन यायचा. ताट तुम्ही अर्धं भरायचात, उरलेलं तो भरायचा. माझं पिल्लू फाटकाच्या आत आहे. आणि चौदा वर्षं जगला तो तुम्हाला आठवतो. एका वेतातली किती जगायची?

सत्तरीचा म्हातारा

खोटं कशाला सांगू. सातांतली दोन-तीन.

पण ती पेजेने गेली नाहीत. रक्ताची हगवण लागून गेली. तेव्हा लस कोणाला ठाऊक होती? लस टोचली असती तर त्याच पेजेवर सातही जगली असती.

एक शाकाहारी घर

आमच्या घरात मांस शिजत नाही, श्रावणात तर अंडंही नाही. पाकीट आहे म्हणून कुत्रा आहे. चर्चा संपली.

अंत्रुजकर

अहवाल आला. अंकुशकृमी, आणि बऱ्यापैकी. हे जंत रक्त पितात, म्हणून हिरड्या फिकट होत्या, त्या मी रंगच तसा म्हणून सोडून दिल्या होत्या. औषध झालं, पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचंय. पहिले तीन दिवस डॉक्टरांनीच पेज-चिकन सांगितलं (हसू नका), मग चौथ्या दिवसापासून पिल्लांचे साधे, मधल्या किमतीचे दाणे, कोमट पाण्यात भिजवून, आधी पाव हिस्सा, मग अर्धा. पोटाच्या रुग्णांसाठीचं खास पाकीट लागेल का विचारलं, म्हणाले, सध्या नको, आठवड्यात सुधारला नाही तर बघू. दिवसातून चार वेळा, मोजून. आज नववा दिवस. शी उचलताना पहिल्यांदाच फडका लागला नाही.

सत्तरीचा म्हातारा

मग तुझ्या पाकिटाने काय बरं केलं? औषधाने केलं, आणि मधे तीन दिवस माझ्या पेजेने.

अंत्रुजकर

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पोट पाकिटाने बरं केलं नाही, खरं आहे. पाकीट मी पायांसाठी घालतोय.

बार्देशी

मी तरी ग्रेन-फ्रीच घेणार.

सत्तरीचा म्हातारा

वजन किती झालं?

अंत्रुजकर

4 किलो 600.

सत्तरीचा म्हातारा

बरं. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपते. ताजे तारले आले की एखादा घालून बघ. सुकं खारं नको, मीठ फार.

परळची विद्यार्थिनी

कुकरमध्ये, काटा बोटाने चुरडेपर्यंत शिजवून. जंताचा दुसरा डोस झाल्यावर. आणि एकच.

सत्तरीचा म्हातारा

एकच. अर्धा मांजराला.